त्या तीन दिवसांआधीची एकवीस वर्षं

शनिवारवाडा पाहायला येणाऱ्यांना नारायणरावांची ‘काका, मला वाचवा’ ही हाक हमखास ऐकवली जाते. 30 ऑगस्ट 1773 ला त्यांचा खून झाला तेव्हा गंगाबाई गरोदर होत्या. ते मूल पुढे याच वाड्यात वाढलं, याकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. माझंही फार उशिरा गेलं.

सवाई माधवरावांचा जन्म 18 एप्रिल 1774 चा, पुरंदरावरचा. चाळिसाव्या दिवशी पेशवाईची वस्त्रं. 1777 मध्ये आई गेली. नवव्या वर्षी लग्न. 1793 मध्ये ती पत्नी, रमाबाई, वारली. 25 ऑक्टोबर 1795 ला ते वाड्याच्या माडीवरून खाली पडले, 27 ला गेले.

ग्रँट डफने 1826 च्या इतिहासात ही आत्महत्या ठरवली. शिवनेरीवर अटकेत असलेल्या बाजीरावाशी चाललेला गुप्त पत्रव्यवहार नानांना कळला, त्यांनी खडसावलं, त्या खिन्नतेत उडी. नंतरच्या अनेक मराठी अभ्यासकांनी तापातला वात हे कारण मानलं. वाद या तीन दिवसांभोवतीच फिरत राहिला.

1998 मध्ये फेलिटी आणि अँडा यांनी अमेरिकेतल्या साडेनऊ हजार प्रौढांच्या बालपणाची पाहणी प्रसिद्ध केली. बालपणी चार किंवा अधिक प्रकारचे आघात सोसलेल्यांत नैराश्य साडेचारपट आणि आत्महत्येचे प्रयत्न बारापट आढळले. त्या यादीत आईबापांचा मृत्यू नव्हता. शिवाय समूहाचा आकडा एका माणसाला चिकटवता येत नाही. तेव्हा मी निदान करत नाही. पण ताप आणि खिन्नता यांतलं एकच खरं असायला हवं, हा हट्ट कशासाठी?

नानांना खलनायक करण्यात मला रस नाही. पानिपतच्या पळापळीत त्यांनी स्वतः आई गमावली होती. पोरावर सतत नजर ठेवणं म्हणजेच त्याला जपणं, असं त्यांना वाटलं असावं.

मला थांबवतो तो पत्रव्यवहार. बाजीराव जेमतेम वर्षाने धाकटा, त्याचाही बाप 1783 मध्येच गेलेला. तो बाप म्हणजे राघोबादादा. नारायणरावांच्या खुनाचा ठपका ज्यांच्यावर आला, तेच. दरबार, फौज, पर्वतीच्या पायथ्याचा शिकारखाना, सगळं हाताशी असलेल्या पेशव्याला मन मोकळं करायला सापडला तो त्यांचाच मुलगा, आणि तोही चोरून.