पार्किंगची पावती, मिरचीचा कडता आणि उपविधी नावाचा धाकटा कायदा

मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी, बसस्थानकासमोरच्या खासगी मोकळ्या जागेत मोटारसायकल लावल्याबद्दल मिळालेली वीस रुपयांची पावती माझ्या वहीत आहे. तिच्यावर ना जागामालकाचे नाव आहे, ना अनुक्रमांक, ना परवान्याचा उल्लेख. एकच वाक्य ठळक छापलेले आहे: गाडी मालकाच्या जबाबदारीवर. सोबतच्या मित्राने विचारले, ‘जागा त्याची, गाडी आपली. मग तो मागेल तो आकार द्यावाच लागतो का? कोर्टात गेले तर काय होईल?’

प्रश्न आजचा वाटतो, परंतु त्याची मुळे आपल्या बाजारपेठांच्या इतिहासात आहेत. आजच्या धाग्यात तोच माग घेऊ. वाट धर्माबादच्या मिरचीबाजारातून जाते, म्हणून थोडा संयम ठेवावा.

खासगी माणूस खासगी व्यवहारात एखादी रक्कम मागतो, तेव्हा ती करारातून आली असे आपण धरतो. एकाने अट घातली, दुसऱ्याने ती मान्य केली. मात्र या दोघांच्या डोक्यावर तिसरा एक मजकूर असतो आणि तो सहसा कोणी वाचलेला नसतो. तो म्हणजे नगरपरिषदेचा, बाजार समितीचा किंवा नियोजन प्राधिकरणाचा स्थानिक नियम. कायदा विधिमंडळ करते. त्या कायद्याने दिलेल्या अधिकारातून स्थानिक संस्था जे नियम करते, ते उपविधी. उपविधी कायद्याचे धाकटे भावंड खरे, पण खासगी आकाराचा वाद न्यायालयात गेला की पुष्कळदा तेच निर्णायक ठरते.

आता धर्माबाद. गोदावरीच्या खोऱ्यातील हे गाव लाल मिरचीच्या व्यापारासाठी दूरवर ओळखले जाते. १९५६ पूर्वी हा सगळा परिसर हैदराबाद संस्थानाचा आणि नंतर हैदराबाद राज्याचा भाग होता. संस्थानी अमलातील वसुलीचे शब्द आजही इथल्या वृद्धांच्या तोंडी आहेत. करोडगिरी म्हणजे संस्थानाची जकात. बाजारात बसल्याबद्दलची पट्टी ती तहबाजारी. संस्थानाच्या सरहद्दीवरील करोडगिरी नाके १९४७-४८ च्या मुक्तिलढ्यात स्वातंत्र्यसैनिकांच्या हल्ल्यांचे लक्ष्य झाले होते. लोकांच्या दृष्टीने निजामाची सत्ता म्हणजे दूरचा राजवाडा नव्हता, ती वाटेत आडवी येणारी काठी होती. वाहन थांबवून पैसे मागणाऱ्याविषयीचा संशय आपल्याकडे असा वारशाने आलेला आहे.

सरकारी नाक्याखेरीज बाजारात दुसरीही एक वसुली चाले, आणि आपल्या विषयाशी तिचेच नाते अधिक जवळचे आहे. शेतकरी गाडीत माल घालून पेठेत येई. सौदा ठरे, आणि मग एकेक कपात सुरू होई. वजनातला कडता, हमाली, तोलाई, नमुन्यासाठी काढलेला माल, वर धर्मादाय. दर कित्येकदा रुमालाखाली बोटे दाबून ठरे, त्यामुळे सौदा काय झाला हे मालधन्यालाच नीट कळत नसे. यातली एकही रक्कम सरकारची नव्हती. सगळ्या खासगी होत्या आणि सगळ्यांना ‘रिवाज’ या शब्दाचे संरक्षण होते. तुम्ही बाजारात आलात म्हणजे बाजाराची रीत मान्य केलीत, हा व्यापाऱ्याचा युक्तिवाद. आजच्या पार्किंगच्या फलकावरील ‘आत आलात म्हणजे अटी मान्य’ हे त्याचेच नवे रूप.

या रिवाजाला लगाम घालण्याचा देशातील आरंभीचा प्रयोग वऱ्हाडात, कारंजा येथे १८८६ मध्ये झाला. वऱ्हाड तेव्हा ब्रिटिशांच्या कारभाराखाली होते आणि तो बाजार हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशाने नियंत्रित झाला. पुढे १८९७ चा वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजार कायदा आला, मुंबई इलाख्यात १९२७ चा कापूस बाजार कायदा झाला. शेतीविषयक शाही आयोगाने १९२८ मध्ये नियंत्रित बाजारांची शिफारस केली. हैदराबाद संस्थानाने १३३९ फसलीत, म्हणजे १९३० च्या सुमारास, आपला कृषी बाजार कायदा केला. मराठवाड्याच्या पेठांना नियंत्रित बाजाराची चौकट मिळाली ती याच कायद्याने. संस्थानी राजवटीविषयी आपले मत काहीही असो, या एका बाबतीत ती फारशी मागे नव्हती.

महाराष्ट्राच्या १९६३ च्या कृषी उत्पन्न पणन कायद्यात या साऱ्या प्रयोगांचे सार उतरले. त्यातील एक तरतूद मला या विषयाची गुरुकिल्ली वाटते. नियमांत किंवा उपविधींत विहित केलेल्या सवलतीखेरीज अन्य कोणतीही व्यापारी सूट कोणी घेऊ नये, आणि अशा व्यवहारातून दावा उद्भवला तर दिवाणी न्यायालयाने तसली सूट मान्य करू नये, असा तिचा आशय आहे. दुसरा भाग पुन्हा वाचा. व्यापाऱ्याला दंड करून कायदा थांबलेला नाही, तो थेट न्यायाधीशाशी बोलतो. शेतकऱ्याने मान डोलावली असली, कागदावर अंगठा दिला असला, तरी उपविधीत नसलेला कडता न्यायालयाच्या लेखी अस्तित्वातच नाही. करारापेक्षा स्थानिक नियम वरचढ ठरतो, तो असा.

मग उपविधी म्हणजे ब्रह्मवाक्य का? तसेही नाही. १८९८ च्या ‘क्रूझ विरुद्ध जॉन्सन’ या इंग्लंडमधील खटल्याचा दाखला कायद्याचे विद्यार्थी आजही देतात. घरापासून पन्नास यार्डांच्या आत, पोलिसाने बंद करा असे सांगितल्यावरही गाणे चालू ठेवू नये, असा केंट परगण्याचा उपविधी होता. रस्त्यात भजन गाणाऱ्या क्रूझला दंड झाला आणि त्याने उपविधीलाच आव्हान दिले. तो हरला. मात्र सरन्यायाधीश लॉर्ड रसेल यांनी एक कसोटी घालून दिली: लोकनियुक्त संस्थेच्या उपविधीकडे न्यायालयाने सद्भावाने पाहावे, परंतु तो पक्षपाती, उघड अन्यायकारक किंवा जुलमी असेल, तर रद्दबातल ठरवावा.

भारतात याला आणखी कडक बंधन आहे. राज्यघटनेच्या २६५ व्या अनुच्छेदानुसार कायद्याच्या अधिकाराविना कर बसवता येत नाही. अहमदाबाद नागरी विकास प्राधिकरणाने विकास शुल्क बसवले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये म्हटले की मूळ कायद्यात स्पष्ट अधिकार नसताना नियमांच्या आडून शुल्क उभे करता येणार नाही. तात्पर्य, उपविधी खासगी आकार अडवू शकतो, पण मूळ कायद्याच्या पाठबळाविना स्वतः नवा आकार जन्माला घालू शकत नाही.

हे सगळे पार्किंगला कसे लागू होते, ते मुंबईच्या एका खटल्यात उत्तम दिसते. दहिसरची पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्था आणि नहालचंद लालूचंद ही विकासक कंपनी यांचा वाद. इमारतीखालच्या खांबांमधील, म्हणजे स्टिल्टच्या, पंचवीस पार्किंगच्या जागा आपल्या मालकीच्या आणि विकण्याजोग्या आहेत असे विकासकाचे म्हणणे होते. शहर दिवाणी न्यायालयात तो हरला, उच्च न्यायालयात हरला आणि ३१ ऑगस्ट २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयातही हरला. मुद्दा एका शब्दावर फिरला: गॅरेज. १९६३ च्या मालकी सदनिका कायद्यात, ज्याला सारे ‘मोफा’ म्हणतात, सदनिकेच्या व्याख्येत गॅरेज येते. मग स्टिल्टची जागा गॅरेज ठरते का? न्यायालयाने सामान्य घर घेणाऱ्याला जो अर्थ कळेल तो धरला. छप्पर आणि तीन बाजूंनी भिंती असतील ते गॅरेज. उघड्या खांबांमधली जागा सामायिक क्षेत्रच. बांधकाम नियमांप्रमाणे ती ठेवणे विकासकाला भागच होते आणि सामायिक जागांचा खर्च सदनिकेच्या किमतीत आलेला असतो. तिची पुन्हा किंमत कशी मागणार?

१९६३ हे वर्ष इथे दुसऱ्यांदा आले. शेतकऱ्याचा कडता अडवणारा कायदा आणि बिल्डरची पार्किंगविक्री अडवणारा कायदा एकाच वर्षीचे. योगायोगच म्हणा, पण दोन्हींच्या मुळाशी एकच शहाणपण दिसते. ज्याच्या ताब्यात दार असते, त्याच्याशी दाराबाहेरच्या माणसाचा करार बरोबरीचा नसतो.

मॉलच्या बाबतीत चित्र अजून निवळलेले नाही. विकास नियमांनुसार इमारतीत वाहनतळ ठेवणे बंधनकारक असते. महाराष्ट्रात डिसेंबर २०२० ची एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली आहे. धर्माबादसारख्या नगरपरिषदांनाही ती लागू आहे, आणि कोणत्या वापराच्या इमारतीत किती वाहनांची जागा हवी याचे कोष्टक तिच्यात दिलेले आहे. प्रश्न असा की सक्तीने ठेवलेल्या जागेसाठी पैसे आकारता येतात का? गुजरात उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २०१९ मध्ये सांगितले, मॉलला असा अधिकार नाही. जागा देणे हे त्याचे कर्तव्य आहे. कोचीच्या लुलू मॉलच्या प्रकरणात केरळ उच्च न्यायालय २०२५ मध्ये उलट टोकाला पोहोचले: नियम जागा ठेवा म्हणतो, फुकट द्या म्हणत नाही. नियमांची जात एकच, वाचन दोन. मला स्वतःला गुजरातचा दृष्टिकोन अधिक पटतो, कारण बंधनकारक वाहनतळाच्या मोबदल्यात बांधकाम करणाऱ्याला चटईक्षेत्राची सूट मिळते. एकदा सूट घेतल्यावर त्याच जागेवर भाडेही घेणे म्हणजे सौद्यातही कमाई आणि कडत्यातही कमाई.

धर्माबादकरांना यातला प्रादेशिक विरोधाभास सर्वांत आधी जाणवेल. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. नांदेड जिल्ह्यातील मुधोळ, भैंसा आणि कुबीर ही मंडळे तेलुगू राज्यात गेली, धर्माबाद मात्र मराठवाड्यासोबत मुंबई राज्यात आले. काल एका तहबाजारीखाली असलेली गावे आज निराळ्या नियमांखाली आहेत. तेलंगण शासनाने मार्च २०१८ मध्ये आदेश काढून मॉल आणि व्यापारी संकुलांत पहिली तीस मिनिटे पार्किंग विनामूल्य केले आणि पुढच्या वेळेसाठी खरेदीचे बिल दाखवल्यास सवलत ठेवली. धर्माबादहून रेल्वेने हैदराबाद गाठणाऱ्या माणसाला तिथे जो युक्तिवाद करता येतो, तो घरी परतल्यावर त्याच शब्दांत करता येत नाही. कायदा जागेला चिकटलेला असतो.

इंग्लंडमध्ये हे चिकटणे फार मजेशीर झाले आहे. बॅरी बिव्हिस यांनी चेम्सफर्डच्या एका खासगी वाहनतळावर दोन तासांच्या मोफत मुदतीपेक्षा ५६ मिनिटे अधिक गाडी ठेवली आणि त्यांच्यावर ८५ पौंडांचा आकार लागला. २०१५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. फलक स्पष्ट होता, म्हणून करार झाला. पण गाडी कोण चालवत होते हे ठाऊक नसताना गाडीच्या नोंदणीकृत धारकाकडून वसुली करण्याची सोय २०१२ च्या एका कायद्याने दिली आहे, आणि जिथे पार्किंगवर वैधानिक नियंत्रण आहे ती जमीन त्यातून वगळली आहे. त्यामुळे रेल्वेच्या किंवा विमानतळाच्या उपविधींखालच्या जमिनीवर खासगी कंपनीची ही वाट बंद होते. तिथले वाहनधारक न्यायालयात जुने उपविधी शोधून आणतात, ते याचसाठी.

आता माझी पावती. असा वाद उभा राहिला तर पहिला प्रश्न जागेविषयीचा असेल. ती खरोखर खासगी आहे, की मंजूर नकाशात एखाद्या इमारतीचा बंधनकारक वाहनतळ म्हणून दाखवलेली आहे? रस्त्याचा किंवा नगरपरिषदेच्या मोकळ्या जागेचा तुकडा असेल, तर वसुलीचा ठेका कोणी आणि कोणत्या ठरावाने दिला? जागा पूर्णपणे खासगी निघाली, तर कराराची बाजू बळावते, आणि वीस रुपये द्यावे लागतील असे मला प्रामाणिकपणे वाटते. मंजूर नकाशा, उपविधी आणि ठराव माहितीच्या अधिकारात मागता येतात. अर्जाचे शुल्क दहा रुपये, पावतीच्या निम्मे.

आणि ‘मालकाच्या जबाबदारीवर’ या वाक्याचे काय? दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलमधून १९९८ मध्ये एका पाहुण्याची मोटार चोरीला गेली. हॉटेलच्या पार्किंग चिठ्ठीवरही असेच वाक्य होते. गाडीची किल्ली हॉटेलच्या माणसाकडे दिलेली होती, म्हणून ती सांभाळण्याची जबाबदारी हॉटेलवर आली, आणि स्वतःच्या निष्काळजीपणावर छापील वाक्याचे पांघरूण घालता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये ठरवले. माझ्या मोटारसायकलची किल्ली मात्र माझ्याच खिशात होती.