सूर्यप्रकाश आणि हायड्रोजन पेरॉक्साइड : दोन शतकांचा शोध

जखम धुण्यापासून कापड आणि कागदाचा लगदा शुभ्र करण्यापर्यंत उपयोगी पडणारे हायड्रोजन पेरॉक्साइड हे पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनचा एक अणू अधिक असलेले संयुग असून, त्याचे विघटन झाल्यावर केवळ पाणी आणि ऑक्सिजन उरतात. मात्र ज्या पदार्थाचा शेवट इतका निर्मळ, त्याच्या निर्मितीचा मार्ग तितका निर्मळ कधीच नव्हता.

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई झाक थेनार यांनी 1818 मध्ये बेरियम पेरॉक्साइडवर आम्लाची क्रिया करून हे संयुग प्रथम तयार केले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात याच पद्धतीवर कारखाने उभे राहिले, परंतु त्यांतून मिळणारे द्रावण सौम्य असे आणि बेरियमच्या क्षारांचा साका मागे उरे. विसाव्या शतकाच्या आरंभी सल्फ्युरिक आम्लाच्या विद्युत अपघटनावर, म्हणजे विजेच्या प्रवाहाने घडवलेल्या रासायनिक बदलावर, आधारलेली पद्धत रूढ झाली. तीत विजेचा खर्च मोठा होता. पुढे जर्मनीत रिडल आणि फ्लायडरर यांनी विकसित केलेल्या पद्धतीत अँथ्राक्विनोन या सेंद्रिय संयुगाला आधी हायड्रोजन जोडतात आणि नंतर हवेतील ऑक्सिजनकरवी तो काढून घेतात. आज जगातील बहुतांश उत्पादन याच पद्धतीने होते, पण तिला लागणारा हायड्रोजन प्रामुख्याने नैसर्गिक वायूसारख्या खनिज इंधनांपासून मिळवावा लागतो.

या उद्योगाला समांतर असा दुसरा शोध प्रयोगशाळांत चालू होता. झुरिच येथील एमिल बाउर आणि नॉयवायलर यांनी 1927 मध्येच पाण्यात कालवलेल्या झिंक ऑक्साइडवर प्रकाश पडला असता हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते, असे नोंदवले. झिंक ऑक्साइड येथे प्रकाश-उत्प्रेरक ठरते. म्हणजे प्रकाश शोषताच त्यातील इलेक्ट्रॉन मोकळे होऊन ऑक्सिजनकडे जातात व त्यापासून पेरॉक्साइड घडवतात, तर इलेक्ट्रॉन गेल्याने पडलेली रिकामी जागा दुसऱ्या एखाद्या पदार्थाकडून इलेक्ट्रॉन ओढून घेते. अमेरिकेत कॅल्व्हर्ट आणि सहकाऱ्यांनी 1954 मध्ये ऑक्सिजनचा जड समस्थानिक, म्हणजे त्याच मूलद्रव्याचा अधिक वस्तुमानाचा अणू, वापरून पेरॉक्साइडमधील ऑक्सिजन पाण्यातून नव्हे तर वायूतून येतो, हे दाखवून दिले.

अडचण होती ती इलेक्ट्रॉन पुरवणाऱ्या पदार्थाची. त्यासाठी फॉर्मेट किंवा अल्कोहोल यांसारखे सेंद्रिय पदार्थ खर्ची घालावे लागत; शिवाय तयार झालेले पेरॉक्साइड त्याच उत्प्रेरकावर आणि त्याच प्रकाशात पुन्हा विघटित होई. जपानमधील ओसाका विद्यापीठात शिराइशी आणि सहकाऱ्यांनी 2014 पासून धातुविरहित उत्प्रेरकांचा मार्ग धरला, सेंद्रिय पदार्थाऐवजी पाण्याकडूनच इलेक्ट्रॉन घेण्याचे साधले आणि 2019 मध्ये रिसॉर्सिनॉल-फॉर्मल्डिहाइड रेझिनच्या साहाय्याने सौरऊर्जेचा 0.5 टक्क्याहून अधिक भाग पेरॉक्साइडच्या रूपाने साठवून दाखवला.

हा आकडा लहान आहे आणि मिळणारे द्रावणही विरल असते, त्यामुळे मोठ्या कारखान्यांची जागा ही पद्धत इतक्यात घेणार नाही. तथापि पाण्याचे निर्जंतुकीकरण किंवा जखमेची स्वच्छता यांसाठी विरल द्रावणच पुरते, आणि तीव्र पेरॉक्साइडची वाहतूक व साठवण धोक्याची असते. प्रकाशाने पेरॉक्साइड घडते का, हा प्रश्न 1927 मध्येच सुटला होता. घडलेले पेरॉक्साइड टिकवणे हीच या शोधाची खरी कसोटी आहे, आणि जिथे पदार्थ लागतो तिथेच तो तयार करता येण्यात त्याचे खरे मोल आहे.