आत्मघात : गुन्हा, आपत्ती की व्याधी?

बालाघाटच्या डोंगररांगेत वसलेले येरमाळा हे कळंब तालुक्यातील गाव येडेश्वरी देवीच्या स्थानामुळे सर्वश्रुत आहे. चैत्री पौर्णिमेच्या यात्रेत चुनखडी वेचण्यासाठी तेथे भाविकांची रीघ लागते. परंतु हा सारा मुलूख अवर्षणाचा. आणि अलीकडे धाराशिव जिल्ह्याचे नाव वृत्तपत्रांत येते ते पुष्कळदा शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या संदर्भात. आत्महत्येचा प्रयत्न ही स्वतंत्र मनोव्याधी मानावी काय, असा वाद वैद्यकशास्त्रात चालू आहे. तो दूरदेशीच्या पंडितांचा वाटला, तरी त्याचे फळ अशा मुलुखातील घरांनाच भोगावे लागणार. म्हणून त्याचा पूर्वेतिहास पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

या कृत्यास कोणत्या सदरात घालावे, याविषयी आमच्याकडे कधीच एकमत नव्हते. धर्मशास्त्राने आत्महत्या महापातक मानली, पण प्रायोपवेशन निराळे ठरविले. जैनांची सल्लेखनाही निराळीच. कृत्यापेक्षा हेतूकडे पाहण्याची ही दृष्टी होती. 1860 च्या इंडियन पीनल कोडाने हा विवेक बाजूस सारला. त्याच्या 309 व्या कलमान्वये आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा ठरला व त्यास एक वर्षापर्यंत साध्या कैदेची शिक्षा सांगितली गेली. मरणाच्या दारातून परत आलेल्या मनुष्यास प्रथम भेटे तो पोलीस! शिक्षेच्या भयाने घरची माणसे प्रकार दडवीत, आणि दडविल्यामुळे उपचारही खुंटत.

या कलमास पहिला मोठा धक्का मुंबईतच बसला. मनोविकाराने ग्रासलेल्या एका पोलीस शिपायाच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने 1986 साली हे कलम घटनाबाह्य ठरविले. सर्वोच्च न्यायालयाने 1994 मध्ये तेच मत दिले आणि 1996 मध्ये ते फिरविले. अखेर 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा प्रयत्न करणारा मनुष्य तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरून त्याच्या शुश्रूषेचा भार शासनावर टाकला. आणि 1 जुलै 2024 पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतून ते जुने कलम गेले. लोकसेवकावर दडपण आणण्यासाठी केलेला प्रयत्न मात्र तिने दंडनीय ठेवला आहे.

दरम्यान महसूल खात्यात दुसरेच वर्गीकरण रूढ झाले होते. महाराष्ट्र शासनाने मृत शेतकऱ्याच्या कुटुंबास एक लाख रुपयांचे साहाय्य देऊ केले; त्यासाठी नापिकी, कर्ज व वसुलीचा तगादा यांची चौकशी होऊन प्रत्येक मृत्यू ‘पात्र’ वा ‘अपात्र’ ठरू लागला. येथे मृत्यूची आपत्ती झाली, पण मन हा विषय चौकशीबाहेरच राहिला. 2015 मध्ये याच जिल्ह्यात व यवतमाळात बळीराजा चेतना अभियान निघाले आणि प्रेरणा प्रकल्पाने समुपदेशनाची जोड दिली, तेव्हा ही उणीव शासनानेही ओळखली असे म्हणावयास हरकत नाही.

आता वैद्यांचे मत पाहू. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 2013 च्या आपल्या ग्रंथात, गेल्या चोवीस महिन्यांत प्रयत्न केलेल्यांसाठी स्वतंत्र व्याधीचा प्रस्ताव पुढील अभ्यासार्थ मांडला. केवळ राजकीय वा धार्मिक हेतूने केलेले कृत्य त्यातून वगळले होते. म्हणजे आमच्या शास्त्रकारांचा हेतूविषयीचा प्रश्न त्यांनाही सुटला नव्हता. 2022 च्या आवृत्तीत अशा वर्तनाच्या नोंदीसाठी खुणा दिल्या गेल्या, परंतु त्यास मान्यताप्राप्त व्याधीचे पद मिळाले नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या वर्गीकरणातही ते लक्षणांतच मोडते.

स्वतंत्र नावाचे पुरस्कर्ते म्हणतात की, पूर्वीचा प्रयत्न हा पुढील धोक्याचा मोठा सूचक असूनही ‘नैराश्य’ या एका शब्दाखाली तो कागदोपत्री लोपतो. शिवाय असे प्रयत्न करणारे सर्वच निराश रोगी नसतात. हे खरे आहे. परंतु एकदा व्याधी म्हटले की आटलेली विहीर आणि सावकाराचा तगादा ही सारी रोग्याच्या मेंदूत जाऊन बसतात, अशी आम्हांस भीती वाटते. 1897 मध्ये एमिल द्यूर्केम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने आत्मघाताची मुळे समाजात शोधली. ते श्रम वाया जाऊ नयेत.

आमच्या मते प्रयत्नाची नोंद प्रत्येक दवाखान्यात ठळक व स्वतंत्र व्हावी. मात्र ती नोंद म्हणजे कारणमीमांसा नव्हे. नोंदीचा उपयोग काय, हे चेन्नईसह पाच देशांतील पाच ठिकाणी 1,867 व्यक्तींवर झालेल्या व 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाने दाखविले. एका गटास नेहमीच्या उपचारांखेरीज तासभर समजुतीच्या गोष्टी सांगून अठरा महिन्यांत नऊ वेळा विचारपूस केली गेली. त्या गटात आत्महत्येने मृत्यू पावलेल्यांचे प्रमाण 0.2 टक्के राहिले. केवळ नेहमीचे उपचार मिळालेल्यांत ते 2.2 टक्के होते. या विचारपुशीस व्याधीचे नाव निश्चित होण्याची वाट पाहावी लागली नाही. शासनाचा 14416 हा मानसिक साहाय्याचा दूरध्वनी 2022 पासून चालू आहे. तेथेही प्रथम रोगाचे नाव सांगावे लागत नाही. पंडितांचा वाद चालू द्यावा. परंतु परत आलेल्या मनुष्याच्या दारी पुढच्या आठवड्यात कोणी तरी गेलेच पाहिजे.