माळावरचं घोडं घरी कसं येतं?

आपल्या इतिहासाच्या गप्पांमध्ये आज विषय घोड्याचा आहे. पण लढाईतल्या घोड्याचा नाही. माळावर चरणाऱ्या आणि कितीही बोलावलं तरी न येणाऱ्या घोड्याचा.

दिवस मावळतीला आला की शेळ्या आपोआप घराकडं वळतात. वासरू हंबरलं की गाय धावत येते. घोड्याचं तसं नसतं. दोर घेऊन आपण चार पावलं पुढं गेलो की ते आठ पावलं लांब जातं. थांबतं, मान वर करून बघतं आणि आपण जवळ पोचलो की पुन्हा निघतं. आपण त्याला हट्टी म्हणतो. पण घोडा हा मूळचा मोकळ्या गवताळ रानातला प्राणी. त्याला शिंगं नाहीत. लांडग्यापासून जीव वाचवायचा तर पळायचं, एवढंच त्याला ठाऊक. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळं जवळजवळ चहूकडचं दिसतं. अगदी पाठीमागचं आणि थेट नाकासमोरचं तेवढं दिसत नाही. मागं धावणारा माणूस त्याला लांडग्यासारखाच वाटतो. आणि धावून घोड्याला गाठणं कुणा माणसाला जमलंय? मग हजारो वर्षं माणसानं त्याला घरी आणलं कसं?

कझाकस्तान देशाच्या उत्तरेला बोताई नावाचं ठिकाण आहे. तिथं सुमारे साडेपाच हजार वर्षांपूर्वीची वस्ती उकरून काढली, तेव्हा घोड्यांची हाडं ढिगानं निघाली. तिथल्या खापरांमध्ये मुरलेला चिकटा तपासून संशोधकांनी 2009 मध्ये सांगितलं, की त्यात घोडीच्या दुधाच्या खुणा आहेत. ते घोडे कितपत माणसाळलेले होते, यावर अभ्यासकांचा वाद अजून चालू आहे. आजचे आपले घोडे त्या कळपांचे वंशज नाहीत, हेही 2018 मधल्या अभ्यासातून दिसलं. पण तुम्ही रोज धारा काढणाऱ्या बायका आहात. तुम्हीच सांगा, मडक्यात घोडीचं दूध आलं याचा अर्थ काय? ती घोडी कुणाच्या तरी हाताशी निवांत उभी राहिली असणार. पळवून, फास टाकून दमवलेली घोडी पान्हा सोडेल का?

असं दूध कसं काढतात, याचं छान वर्णन बऱ्याच नंतरच्या काळातलं सापडतं. 1253 साली विल्यम नावाचा एक ख्रिस्ती साधू युरोपातून मंगोल लोकांच्या मुलखात गेला. तो रुब्रुक गावचा. त्यानं लिहून ठेवलंय: दोन खुंट ठोकून मध्ये लांब दोर ताणतात. ज्या घोड्यांचं दूध काढायचं त्यांची शिंगरं सकाळी त्या दोराला बांधतात. मग घोड्या आपापल्या पिल्लाजवळ येऊन शांत उभ्या राहतात. एखादी नाठाळ निघालीच, तर शिंगरू तिच्याखाली नेऊन थोडं पाजतात, मग बाजूला घेऊन धार काढतात. आपण गाईला वासरू दाखवतो, तसंच की हे. मंगोलियात आजही उन्हाळ्यात अशीच शिंगरं दोराला बांधतात.

मंगोल लोकांची दुसरीही एक रीत आहे. लांब काठीच्या टोकाला फास बांधायचा आणि दुसऱ्या घोड्यावर बसून पळत्या घोड्याच्या गळ्यात तो टाकायचा. चित्रांमध्ये, सिनेमांमध्ये हीच रीत दिसते, कारण ती बघायला थरारक. दोराला बांधलेल्या शिंगराचं चित्र कोण काढणार?

या विल्यमनं बायकांच्या कामाचीही नोंद केली आहे. घोड्यांचं दूध पुरुष काढायचे, गाईंचं बायका. तंबू-सामान गाड्यांवर चढवणं, उतरवणं, गाड्या हाकणं हेही बायकांकडं. एकामागं एक बांधलेल्या वीस-तीस गाड्या एकटी बाई हाकायची, असं तो लिहितो. अख्खा संसार रानातून हलवायचा तो तिनं.

आता ज्याचं शिंगरू बांधता येत नाही, त्या घोड्याचं काय? याचं उत्तर सुमारे 2400 वर्षांपूर्वी ग्रीस देशातल्या झेनोफन नावाच्या सैनिकानं लिहून ठेवलं. तो सांगतो, शिंगराला भूक, तहान आणि माश्यांचा त्रास एकटं असताना व्हावा. चारा, पाणी आणि माश्यांपासून सुटका मात्र माणसाच्या हातून मिळावी. मग ते माणसाची वाट बघू लागतं. जिथं त्याला स्वतःला पोचता येत नाही, तिथं हात फिरवा. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे रागाच्या भरात घोड्याजवळ जाऊच नका. जबरदस्तीनं करून घेतलेलं घोड्याला समजत नाही, हेही तो आपल्या आधीच्या एका जाणकाराच्या नावानं सांगतो. नाचणाऱ्याला चाबकानं मारून नाच सुंदर होत नाही, तसंच हे. मात्र हे रोजचं चारणं, खरारा करणं, आत आणणं त्या काळी मोतद्दार करायचे. त्यांतले कित्येक गुलाम होते. पुस्तक झेनोफनच्या नावावर राहिलं, त्या मोतद्दारांची नावं राहिली नाहीत.

आता आपल्या मुलखात या. आपल्या बोलण्यात घोड्याचे किती शब्द आहेत बघा. एखाद्याला आवरलं की आपण म्हणतो, त्याला पायबंद घातला. पायबंद म्हणजे घोड्याच्या पायाला बांधायचा दोर. तोंडात मोठा घास कोंबला की तोबरा भरला म्हणतो. तोबरा म्हणजे घोड्याच्या तोंडाला अडकवायची दाण्याची पिशवी. एकीकडं दोर, दुसरीकडं दाणा. घोडं जवळ ठेवायचे दोन्ही मार्ग आपल्या भाषेत राहिले आहेत.

भीमा नदीच्या खोऱ्यातली भीमथडी घोडी मराठ्यांच्या फौजेत नावाजलेली. फौजा गेल्या, पागा गेल्या. तरी ही जात संपली नाही. ती टिकली मुख्यतः धनगर आणि इतर भटक्या पशुपालकांच्या तांड्यात, ओझं वाहणारी म्हणून. अलीकडं देशपातळीवर तिची स्वतंत्र जात म्हणून नोंदही झाली. मेंढरांमागं गडी जातात, तेव्हा घोड्यावर बिऱ्हाड लादून पुढच्या मुक्कामाला नेणारी बहुतेक वेळा घरची बाई असते. भांडी, वाकळा, कोकरं, कोंबड्या, कधी लहान लेकरूसुद्धा त्या पाठीवर. म्हणजे ज्या घोड्याची कीर्ती स्वारांमुळं झाली, ते आजवर जगवण्यात या बायकांचा मोठा वाटा आहे.

या सगळ्यांतून शिकण्यासारखं असं. घोड्याच्या मागून जाऊ नका, थेट तोंडावरही जाऊ नका. खांद्याच्या बाजूनं, बोलत बोलत, सावकाश जा. दाणा दाखवला तर द्यायचाच, फसवायचं नाही. दर वेळी ओझ्यासाठीच धरू नका. कधी मान खाजवून, मूठभर दाणा देऊन तसंच सोडून द्या. आणि उशिरा आलं म्हणून आल्यावर मारू नका. मार आल्यावर बसला, तर उद्या ते येईल कशाला?

मैत्रिणींनो, गटाच्या पुढच्या बैठकीत एक काम करा. वही घ्या आणि प्रत्येकीला विचारा: तुमच्या घरी संध्याकाळी जनावरं कोण आणतं? काय म्हणून हाक मारतं? अडून बसलेल्या जनावराला कसं वळवतं? हे कुणाकडून शिकलात? जिनं सांगितलं तिचं नाव पुढं लिहा. गोठ्यातल्या जनावराचा कागद बहुतेक घरांत पुरुषाच्या नावावर असतो. पण हाक मारल्यावर ते कुणाकडं येतं, हे वहीत तरी लिहिलेलं राहू द्या.