सुरीआधीची सुई

एप्रिल १९७० मध्ये मायामीच्या बास्कम पामर आय इन्स्टिट्यूटमध्ये रॉबर्ट मॅकेमर यांनी एका मधुमेही रुग्णाच्या डोळ्यात साठलेलं रक्त बाहेर काढलं. कापता कापता ओढून घेणारं त्यांचं यंत्र आधी कच्च्या अंड्यावर तपासलं गेलं होतं. कवचाच्या छोट्या भोकातून पांढरं खेचायचं, बलक मात्र शाबूत ठेवायचा! आधुनिक व्हिट्रेक्टॉमी ही शस्त्रक्रिया अशी सुरू झाली.

तरी मधुमेहाचा डोळा सर्जनला दमवत राहिला. पडद्याला रक्तपुरवठा अपुरा पडला की त्यावर नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या फुटतात. सोबत व्रणासारखा पापुद्रा चढतो आणि पडद्याला ओढू लागतो. तो चिमट्याने सोलताना एखादी वाहिनी तुटली, की मायक्रोस्कोपखाली सगळं लाल होतं. मग डोळ्यातला दाब वाढवायचा, रक्त थांबायची वाट पाहायची आणि पुन्हा सोलायला घ्यायचं.

या वाहिन्या फुटायला लावणारा एखादा पदार्थ असावा, हा तर्क आयझॅक मायकेलसन यांनी १९४८ मध्येच मांडला होता. नेपोलिओन फेरारा यांनी १९८९ मध्ये व्हीईजीएफ हे प्रथिन ओळखलं आणि १९९४ मध्ये ते मधुमेहींच्या डोळ्यातल्या द्रवात वाढलेलं आढळलं. त्याला अडवणारं बेव्हासिझुमॅब हे औषध २००४ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, पण मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी. पुढच्याच वर्षी फिलिप रोझेनफेल्ड यांनी ते उतारवयातल्या पडद्याच्या विकारासाठी थेट डोळ्यात दिलं, तेही बास्कम पामरमध्येच. एका बाटलीतून अनेक रुग्णांच्या मात्रा निघत, त्यामुळे ते परवडणारंही ठरलं.

२००६ च्या सुमारास मधुमेही डोळ्याच्या ऑपरेशनआधी हे इंजेक्शन देण्याचे अनुभव छापून येऊ लागले. मात्रा १.२५ मिलिग्रॅम, म्हणजे जेमतेम एक थेंब. काही दिवसांत वाहिन्या सुकत, सोलताना रक्त कमी येई. इतकी वर्षं रक्ताशी झुंजलेल्या सर्जनांसाठी ही केवढी सुटका होती!

पण व्हीईजीएफ अडलं म्हणून पापुद्रा नाहीसा होत नाही. वाहिन्या विरतात, व्रण आकसतो आणि पडद्यावरची ओढ वाढते. २००८ मध्ये जे. फर्नांडो अरेव्हालो आणि सहकाऱ्यांनी २११ इंजेक्शनांचा हिशेब मांडला. त्यांतल्या ११ डोळ्यांत पडदा ओढला जाऊन सुटला होता किंवा आधीचं सुटणं वाढलं होतं, सरासरी १३ दिवसांत. अशा रुग्णांसाठी सुई दिल्यावर ऑपरेशन लांबणं हाच मोठा धोका होता. म्हणून रुग्णाची साखर, रक्तदाब आणि भूल देण्याची तयारी आधी तपासून ऑपरेशनची तारीख पक्की करायची आणि साधारण ३ ते ७ दिवस आधी सुई द्यायची, अशी पद्धत रुळत गेली.