कॉफीपात्रे, घरगुती

भाजून दळलेल्या कॉफीच्या बियांचा (बुंददाण्यांचा) अर्क पाण्यात उतरवून चोथा वेगळा करण्यासाठी घरोघरी वापरण्यात येणारी पात्रे व साधने. भाजलेल्या बीचा वजनाने सु. ३० टक्के भाग पाण्यात विरघळू शकतो. परंतु तो सर्वच उतरविल्यास पेय कडू व तुरट होते. सु. १८ ते २२ टक्के भाग उतरला म्हणजे चव समतोल राहते, असे सामान्यतः मानतात. त्यासाठी पाण्याचे तापमान उकळबिंदूच्या किंचित खाली, म्हणजे ९०° ते ९६° से. असावे लागते आणि दळणाची जाडी व पाण्याच्या संपर्काचा काळ यांचा मेळ बसावा लागतो. दळण बारीक असेल, तर अल्प काळ पुरतो. जाडसर असेल, तर अधिक काळ लागतो. घरगुती कॉफीपात्रांचा इतिहास हा बव्हंशी हा मेळ साधण्याच्या प्रयत्नांचा इतिहास आहे. मात्र पात्र कितीही चांगले असले, तरी त्यात पडणारी बी कोणती व किती ताजी, हे ठरविण्याचे स्वातंत्र्य पिणाऱ्याला नसेल, तर पात्राचा उपयोग मर्यादितच राहतो. हे स्वातंत्र्य कसे गेले व कसे परत आले, हेही या इतिहासाचे महत्त्वाचे अंग होय.

प्रारंभीची पात्रे : कॉफीपानाचे विश्वसनीय उल्लेख पंधराव्या शतकाच्या मध्यापासून येमेनमधील सूफी पंथीयांच्या संदर्भात आढळतात. तेथून हे पेय मक्का, कैरो व इस्तंबूल येथे पसरले. तुर्की पद्धतीत पिठासारखी बारीक पूड लांब दांड्याच्या लहान तांब्याच्या वा पितळी पात्रात पाण्याबरोबर फेस येईपर्यंत तापवितात व न गाळता पेल्यात ओततात. गाळ तळाशी बसू देतात. या पद्धतीत गाळणीची गरज नसते; मात्र दळण अतिशय बारीक असावे लागते. म्हणून हातजाते हे या घरांतील कॉफीपात्राइतकेच आवश्यक साधन होते.

यूरोपात प्रथम उकळण्याचीच रीत होती. फ्रान्समध्ये अठराव्या शतकाच्या प्रारंभी पूड कापडी पिशवीत ठेवून तीवर गरम पाणी ओतण्याची प्रथा पडली. पॅरिसचे आर्चबिशप झां-बातीस्त द बेल्वा (१७०९–१८०८) यांच्या नावाने ओळखले जाणारे दोन मजली झिरपपात्र १८०० च्या सुमारास प्रचारात आले. काउंट रम्फर्ड (१७५३–१८१४) या शास्त्रज्ञाने १८१२ मध्ये कॉफीवर निबंध प्रसिद्ध करून उकळण्याने सुगंध उडून जातो, हे आग्रहाने प्रतिपादिले. पुढे १८३० नंतरच्या काळात दोन काचपात्रांतील वाफेचा दाब व निर्वात यांच्या योगाने चालणारी पात्रे निघाली. ती दिसण्यात आकर्षक, पण हाताळण्यास नाजूक होती.

विसाव्या शतकातील सुधारणा : अमेरिकेत हॅन्सन गुडरिच यांनी १८८९ मध्ये पेटंट घेतलेले पर्कोलेटर बरीच दशके लोकप्रिय होते. त्यात तयार झालेला अर्कच पुनःपुन्हा पुडीवरून फिरत असल्याने रम्फर्ड यांनी दाखविलेला दोष कायम राहिला. ड्रेस्डेन येथील गृहिणी मेलिटा बेंट्स (१८७३–१९५०) यांनी पितळी भांड्याला भोके पाडून त्यात मुलाच्या वहीतील टिपकागद घातला व १९०८ मध्ये या कागदी गाळणीची नोंदणी केली. गाळ पूर्णपणे अडविणारी ही पहिली स्वस्त घरगुती पद्धत होय. कागदात कॉफीतील तेलेही अडकत असल्याने पेय स्वच्छ व हलके होते. न्यूयॉर्क येथे पेटर श्लुमबोम (१८९६–१९६२) या जर्मन रसायनज्ञाने प्रयोगशाळेतील चंबू व नरसाळे यांवरून १९४१ मध्ये ‘केमेक्स’ हे काचपात्र तयार केले.

इटलीत आल्फॉन्सो ब्यालेत्ती (१८८८–१९७०) यांनी १९३३ मध्ये ‘मोका’ हे ॲल्युमिनियमचे अष्टकोनी पात्र काढले. खालच्या भागातील पाणी वाफेच्या दाबाने पुडीतून वर चढते. हा दाब एस्प्रेसो यंत्रातील सु. ९ बार दाबाच्या मानाने फारच थोडा असला, तरी उपाहारगृहातील दाट कॉफीसारखे पेय त्यामुळे प्रथमच घरच्या शेगडीवर होऊ लागले. दट्ट्याने चोथा खाली दाबण्याच्या पात्राचे एक पेटंट १८५२ मध्ये पॅरिसमध्ये घेतले गेले होते; त्याचे सुधारित रूप १९२९ मध्ये मिलान येथील कालिमानी व मोनेता यांच्या पेटंटाने रूढ झाले. या सर्व साधनांपैकी बहुतेकांना वीज लागत नाही आणि त्यांतील एकाही रचनेने आधीच्या रचनेला पूर्णतः बाद केलेले नाही.

बीवरील ताबा : भाजलेल्या बीचा सुगंध काही आठवड्यांत व दळलेल्या पुडीचा त्याहूनही लवकर उणावतो. म्हणून एकोणिसाव्या शतकात कच्ची बी विकत घेऊन घरीच कढईत भाजण्याची रीत सर्वत्र होती. अमेरिकेत यादवी युद्धानंतर आर्बकल बंधूंनी भाजलेली कॉफी कागदी पुड्यांतून विकण्यास आरंभ केला. १९०० मध्ये निर्वात डबे आले आणि १९३८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये विरघळणारी (इन्स्टंट) कॉफी बाजारात आली. सोय वाढली, पण भाजणे, दळणे व मिसळणे ही कामे घरातून कारखान्यात गेली आणि पुडीतील बी कोणत्या मुलखातील, हे ग्राहकाला कळेनासे झाले.

भारत : सतराव्या शतकात बाबा बुढण यांनी येमेनहून सात बिया आणून चिकमगळूरजवळील डोंगरात लावल्या, अशी परंपरागत कथा आहे. दक्षिण भारतातील गाळणपात्र पितळेच्या किंवा पोलादाच्या एकावर एक बसणाऱ्या दोन नळकांड्यांचे असते. वरच्याच्या तळाला बारीक छिद्रे असून पूड चकतीने हलकेच दाबून तीवर गरम पाणी ओततात. दाट अर्क (डिकॉक्शन) थेंबथेंब खाली उतरतो. त्यात गरम दूध व साखर घालून पेला व डबरा यांत उंचावरून ओतून फेस आणतात. दुधात चव टिकावी, म्हणून पुडीत चिकोरी मिसळतात. चिकोरीमुळे रंग व दाटपणा वाढतो. भारतीय नियमांनुसार अशा मिश्रणात कॉफीचे प्रमाण ५१ टक्क्यांहून कमी असता कामा नये.

दुसऱ्या महायुद्धात निर्यात खुंटल्याने बागायतदार अडचणीत आले. तेव्हा १९४२ च्या कायद्यान्वये सर्व कॉफी मंडळाच्या सामायिक साठ्यात (पूल) जमा करण्याचे बंधन आले. लहान बागायतदारांना त्यामुळे आधार मिळाला, हे नाकारता येत नाही. तथापि माल प्रतवारीनुसार एकत्र होत असल्याने घरी गाळणपात्र लावणाऱ्यास ‘प्लँटेशन ए’ (धुतलेली अरेबिका), ‘पीबेरी’ (फळात एकच गोल बी असलेली) किंवा ‘रोबस्टा चेरी’ ही नावेच ठाऊक राहिली. मळ्याचे नाव साठ्यात लुप्त झाले. उत्तम बी पिकविणाऱ्याला तिची ओळख ठेवता येत नव्हती व पिणाऱ्याला ती मागता येत नव्हती. १९८९ मध्ये आंतरराष्ट्रीय कॉफी करारातील निर्यातवाटे स्थगित झाले आणि पाठोपाठ सोव्हिएट संघाची बाजारपेठ गेली. त्यानंतर हे बंधन टप्प्याटप्प्याने सैल होऊन १९९६ मध्ये संपुष्टात आले.

त्यानंतर मळ्याचे नाव व भाजल्याची तारीख छापलेल्या पुड्या हळूहळू मिळू लागल्या. बाळेहोन्नूर येथील संशोधन केंद्राने १९४० नंतरच्या दशकात प्रसृत केलेला एस. ७९५ हा अरेबिकाचा वाण, पावसाळी वाऱ्यात फुगवून आम्लता घालविलेली मलबारची ‘मॉन्सून्ड’ कॉफी आणि आंध्र प्रदेशातील आदिवासी शेतकऱ्यांची अराकू कॉफी यांना चाहते लाभले. कूर्ग, चिकमगळूर, बाबाबुढणगिरी व अराकू येथील अरेबिका आणि वायनाडची रोबस्टा यांस २०१९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. आम्लता व फुलांसारखा गंध असलेली इथिओपियाची किंवा केन्याची बी कागदी गाळणीत खुलते. मॉन्सून्ड मलबार मोका वा दट्ट्याच्या पात्रात आणि पीबेरी-चिकोरीचे मिश्रण दुधाबरोबर पितळी गाळणपात्रात शोभते, असा रसिकांचा अनुभव आहे.

महाराष्ट्र : मराठी घरांत पूड पाण्यात किंवा दुधात उकळून, साखर, जायफळ व वेलदोडा घालून गाळण्याची रीत जुनी आहे. येथे गाळणपात्र मुख्यतः दाक्षिणात्य वस्तीबरोबर आले. मुंबईतील माटुंगा भागात ग्राहकाच्या सांगण्याप्रमाणे चिकोरीचे प्रमाण ठरवून समोर दळून देणारी दुकाने आहेत. पहिले इंडिया कॉफी हाउस १९३६ मध्ये मुंबईतच उघडले. अमरावती जिल्ह्यात चिखलदरा येथे कॉफीची थोडी लागवड होते. उकळलेल्या कॉफीतील जायफळ हे चवीसाठी असले, तरी उकळण्याने व शिळ्या पुडीमुळे उणावलेला सुगंध त्याने भरून निघत असावा. ताजी व नावाची बी मिळू लागल्यावर तो मसाला ही गरज न राहता आवडीची बाब झाली आहे.