एका चौकटीत किती उत्तरे?

मुलांची माहिती भरताना ‘आवडते खेळ’ असा रकाना आखला, की एकेका चौकटीत ‘कबड्डी, टेबल टेनिस, बुद्धिबळ’ अशी यादीच बसते. एखाद्या मुलाला कोणते खेळ आवडतात, हे त्यावरून चटकन सांगता येते. उलटा प्रश्न मात्र अडचणीचा ठरतो : टेनिस कोणाकोणाला आवडते? त्यासाठी प्रत्येक चौकट वाचावी लागते. संगणकाला नुसती अक्षरे जुळवायला सांगितली, तर टेबल टेनिस खेळणारी मुलेही तो टेनिसपटूंत घालतो!

माहितीची मांडणी कशी असावी, याचा गणिती विचार आय.बी.एम. कंपनीतील संशोधक एडगर कॉड यांनी केला. १९७० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात त्यांनी कर्मचाऱ्यांच्या नोंदीचे उदाहरण घेतले. तिच्यात नाव व जन्मतारीख यांच्या जोडीला मुलांची आणि आजवरच्या हुद्द्यांची यादी होती. कॉड यांनी या याद्या बाहेर काढून त्यांचे स्वतंत्र तक्ते केले आणि प्रत्येक ओळीत कर्मचाऱ्याचा क्रमांक लिहिला. एका चौकटीत एकच मूल्य! आता वडिलांवरून मूल शोधा किंवा मुलावरून वडील, दोन्ही प्रश्न सारखेच सोपे. या कार्यासाठी कॉड यांना १९८१ चा ट्यूरिंग पुरस्कार मिळाला.

तरीही याद्या हद्दपार झाल्या नाहीत. वेगळे केलेले तक्ते दर वेळी पुन्हा जोडावे लागतात. एस.क्यू.एल. या प्रश्नभाषेच्या १९९९ च्या प्रमाणात ‘अ‍ॅरे’, म्हणजे यादी असलेला रकाना, मान्य झाला. यात यादीतील प्रत्येक घटक पूर्ण धरून जुळवला जातो. त्यामुळे टेनिस आणि टेबल टेनिस यांची गल्लत होत नाही. प्रश्न उरला वेगाचा. लाखो याद्या एकेक करून किती वेळ तपासायच्या?

‘पोस्टग्रेएसक्यूएल’ या प्रणालीत २००६ साली यावर उपाय आला. ओलेग बार्तुनोव्ह आणि तेओदोर सिगाएव्ह यांनी तिच्यासाठी उलटी सूची तयार केली. पुस्तकाच्या शेवटी शब्द आणि त्यापुढे पानांचे क्रमांक असतात. तसे येथे प्रत्येक मूल्य एकदाच आणि त्यापुढे ते असलेल्या ओळींचे क्रमांक. म्हणजे कॉड यांनी सांगितलेली फोड आता यंत्रच पडद्याआड करू लागले.

हे वर्गात करून पाहा. प्रत्येकाने कार्डावर आपले आवडते खेळ लिहावेत. मग खेळवार सूची करावी. कोणता प्रश्न कोणत्या मांडणीत लवकर सुटतो, हे मुलांनाच शोधू द्या.